प्रश्न अठरा, उत्तर नव्याण्णव

तिला ऑफिसात सगळे नव्याण्णवताई म्हणायचे. हे नाव कोणी ठेवलं ते कोणालाच आठवत नव्हतं, पण का ठेवलं ते शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. ऑफिस सर्वेक्षणाचं. डॉक्टरांची संघटना असो, शिक्षकांची असो की केस कापणाऱ्यांची, ज्यांना आपल्या पेशातल्या माणसांच्या मनात काय चाललंय हे जाणून घ्यायची हुक्की यायची ते या ऑफिसकडे यायचे. मग छापील फॉर्म निघायचे, गावोगाव जायचे, भरून परत यायचे, आणि वरच्या मजल्यावरच्या मुली प्रत्येक उत्तराचा आकडा करून कॉम्प्युटरात घालायच्या. 'हो' म्हणजे एक. 'नाही' म्हणजे दोन. आणि माणसाने प्रश्न कोराच सोडला असेल तर नव्याण्णव.

पण नव्याण्णव असं मनात आलं की लावलं, असं चालत नसे. आधी त्या माणसाला फोन करून विचारावं लागे, की बाबा रे, हा प्रश्न चुकून राहिला की मुद्दाम ठेवलास? हे फोन करायचं काम ताईचं. तेवीस वर्षं ती तेच करत होती. दुसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीशेजारी तिचं टेबल होतं. टेबलावर बटणांचा जुना फोन, ज्यावरचे चार आणि सात हे आकडे बोटांनी झिजून साफ नाहीसे झाले होते. रोज सकाळी वरून चिठ्ठ्यांचा गठ्ठा यायचा. चिठ्ठीवर फॉर्मचा क्रमांक, कोऱ्या राहिलेल्या प्रश्नाचा क्रमांक आणि फोन नंबर. सोबत त्या एका पानाची झेरॉक्स. नाव नाही. नावांची यादी साहेबांच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली साहेबांच्या खिशात. माणूस कोण आहे हे विचारणाऱ्याला कळता कामा नये, असा नियम होता, आणि नियमांच्या बाबतीत हे ऑफिस देवभोळं होतं.

लोक प्रश्न का सोडतात, यावर साहेबांचं स्वतःचं संशोधन होतं. त्यांचं म्हणणं, अक्षरं बारीक असतात. एका वर्षी त्यांनी हट्टाने अक्षरं मोठी करून घेतली. फॉर्म चार पानांचा सहा पानांचा झाला, आणि लोकांनी तेच प्रश्न मोठ्या अक्षरांत सोडून दिले. मग साहेब म्हणाले, लोक आळशी आहेत. पण एक्केचाळीस प्रश्न नेटाने भरून मधला नेमका एकच सोडणारा माणूस आळशी कसा, हे तिला कधी उमगलं नाही.

तिचं स्वतःचं मत वेगळं होतं. ते तिला कोणी विचारलं नव्हतं, म्हणून तिने कधी सांगितलंही नाही. बाहेरच्यांना वाटतं, लोक मिळकतीचा प्रश्न सोडत असतील. छे! मिळकतीपुढे लोक मजेत खोटा आकडा ठोकतात आणि पुढे सरकतात. सोडला जातो तो प्रश्न, जिथे खरं लिहायला मन धजत नाही आणि खोटं लिहायला हात. म्हणजे कोरी जागा ठेवणारा माणूस मुळात प्रामाणिक. हे साहेबांना सांगितलं असतं तर त्यांनी त्याचाही तक्ता मागितला असता.

झेरॉक्सवर तिला आणखी एक गोष्ट दिसायची. कोऱ्या प्रश्नाची जागा कधीच पूर्ण कोरी नसते. तिथे एक ठिपका असतो. पेन टेकतं, थांबतं, माणूस खिडकीबाहेर बघतो, आणि पेन उचलून पुढच्या प्रश्नावर जातो. एक ठिपका असेल तर माणूस एका फोनात बोलायचा. दोन असले तर वेळ लागायचा. एकदा दातांच्या डॉक्टरांचं सर्वेक्षण होतं. प्रश्न साधा होता, 'आपण स्वतःचे दात दर सहा महिन्यांनी तपासून घेता का?' अर्ध्याअधिक डॉक्टरांनी तो सोडला होता. हो म्हणवत नाही, नाही म्हणायची लाज. त्यातला एक शेवटी फोनवर कुजबुजला, "ताई, भीती वाटते हो!" दुसऱ्या एका वर्षी एका शिक्षिकेने 'पुन्हा संधी मिळाली तर हाच पेशा निवडाल का' यापुढे दोन ठिपके ठेवले होते. ती अर्धा तास बोलली, शेवटी रडली, आणि म्हणाली की बाकी सगळं खरं लिहिलं होतं, म्हणून तिथे खोटं लिहवेना.

माणसं ताईशी बोलायची, कारण तिची एक खुबी होती. ती सोडलेला प्रश्न कधीच विचारत नसे. ती त्याच्या अलीकडचा प्रश्न विचारायची. अठरावा राहिला असेल तर म्हणायची, "तुमचा सतरावा मला नीट वाचता येत नाही, जरा सांगता का?" माणूस निर्धास्तपणे सतराव्याबद्दल बोलू लागायचा, आणि बोलता बोलता आपल्याच पायांनी अठराव्यात येऊन उभा राहायचा. त्याआधी एक वाक्य मात्र ती न चुकता म्हणायची. "आपण काय सांगितलंत ते कोणालाही कळणार नाही, आणि उत्तर द्यायचं नसेल तर तसं सांगायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे." हे वाक्य तिने इतक्यांदा म्हटलं होतं की झोपेतही म्हणते, असं तिची लेक सांगायची.

शेजारच्या टेबलावर बसणारी सहकारी तिच्या अगदी उलट. तिला सगळे फोडणी म्हणत, कारण ती बोलायला लागली की तडतड उडायची. तिची पद्धत एकच, "हो की नाही? लवकर सांगा." लोक दचकून 'नाही' म्हणायचे, ती दोन लिहायची आणि पुढचा नंबर लावायची. तिचा गठ्ठा दुपारी संपायचा. साहेबांना फोडणी फार आवडायची.

घरी ताईचा नवरा, सतरा वर्षांची लेक आणि ती. नवरा लिफ्ट मेकॅनिक. तीस वर्षं झाली, उंच इमारतींच्या पोटात, लिफ्टच्या टपावर उभं राहून तो दोर, चाकं आणि ब्रेक तपासत आला होता. माणूस शांत. संध्याकाळी चहा घेता घेता ताई दिवसभराच्या गमती सांगायची, नावागावाशिवाय, पण नकला करून. तो ऐकायचा, हसायचा. अलीकडच्या प्रश्नाची खुबीही तिने त्याला अनेकदा रंगवून सांगितली होती. आपल्या घरात अळीमिळी गुपचिळी असला प्रकार नाही, याचा तिला मनातून अभिमान होता.

मागच्या वर्षभरात त्या घरात तीन कप फुटले. पहिल्या वेळी तो म्हणाला, कप निसरडा होता. दुसऱ्या वेळी ताईच म्हणाली की हे नवीन साबणामुळे होतं, आणि साबण बदलला. तिसऱ्या वेळी तिने दुकानदाराला नावं ठेवली. मग तो आपण होऊन स्टीलच्या पेल्यातून चहा घेऊ लागला. लेकीने एकदा विचारलं, "बाबा, तुम्ही हल्ली पेल्यातून का पिता?" तो म्हणाला, "चहा गरम राहतो." स्टीलच्या पेल्यात चहा गरम राहत नाही हे घरातल्या तिघांनाही माहीत होतं, पण विषय तिथेच मिटला.

त्या वर्षी ऑफिसकडे लिफ्ट आणि क्रेनवर काम करणाऱ्यांचं सर्वेक्षण आलं. नवरा एक दिवस फॉर्म घेऊन घरी आला.

"तुझ्या ऑफिसचा कागद आलाय. भरू की त्याचं विमान करू?"

"अहो, भरा की. पण मला दाखवू नका हं, नियम आहे."

तो फॉर्म घेऊन आतल्या खोलीत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. ताईला बरं वाटलं. आपला माणूस काम मन लावून करतो, असं ती लेकीला म्हणालीसुद्धा.

महिन्याभराने, एका गुरुवारी, तिच्या गठ्ठ्यात ती चिठ्ठी आली. कोरा प्रश्न, अठरावा. 'गेल्या वर्षभरात काम करताना चक्कर येणे, बोटे बधिर होणे, हातातली पकड सुटणे असे काही घडले आहे का?' त्याखाली अठरा-अ. 'घडले असल्यास कोणाला सांगितले? डॉक्टर, वरिष्ठ, घरचे, कोणालाही नाही.' दोन्ही कोरे. अठराव्यापुढे तीन ठिपके, तेवीस वर्षांत तिने फार तर चार-पाच वेळा पाहिले असतील असे. पानावरच्या बाकीच्या बरोबरच्या खुणा उलट्या कललेल्या होत्या. ताईने सवयीने चिठ्ठीच्या कोपऱ्यात लिहिलं, 'डावखुरा. दमाने घेणे.'

मग तिने रिसीव्हर उचलला आणि नंबर दाबायला लागली. पहिले पाच आकडे चिठ्ठीत बघून दाबले. पुढचे पाच तिच्या बोटांनी चिठ्ठीत न बघताच दाबले. पलीकडे घंटी वाजली आणि तेव्हा कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. मोबाइलमध्ये नुसतं 'हे' म्हणून ठेवलेला तो नंबर होता. तिने फोन दाणकन खाली ठेवला.

"काय झालं गं? शिव्या दिल्या का कोणी?" फोडणीने विचारलं.

"नाही. लागत नाहीये."

ताईने पुन्हा झेरॉक्स जवळ ओढली. नवरा डावखुरा नव्हता. चोवीस वर्षं तिने त्याला उजव्या हाताने जेवताना, सही करताना, स्क्रू पिळताना पाहिलं होतं. मग हा फॉर्म त्याने डाव्या हाताने का भरला? ती त्या उलट्या कललेल्या खुणांकडे बघत राहिली, आणि तीन कप, एक साबण आणि स्टीलचा पेला एकापाठोपाठ एक तिच्यासमोर येऊन उभे राहिले. जगाच्या कोऱ्या जागा वाचणारी बाई ती. आणि तिच्याच स्वयंपाकघरात, तिच्याच डोळ्यांदेखत वर्षभर एक जागा कोरी होती, आणि ती दुकानदाराला नावं ठेवत होती!

नियम स्पष्ट होता. चिठ्ठी ओळखीच्या माणसाची निघाली तर ती दुसऱ्या टेबलावर द्यायची. ओळखीच्याने दिलेलं उत्तर धरायचं नाही, कारण ओळखीच्या माणसाला कोणी खरं सांगत नाही, असं नियमावलीत छापलेलंच होतं. म्हणजे चिठ्ठी फोडणीकडे जाणार. फोडणी विचारणार, हो की नाही, लवकर सांगा. तो 'नाही' म्हणणार. ती दोन लिहिणार, आणि प्रश्न कायमचा मिटणार.

"तुझ्याकडे जास्त आहेत का? दे ना, मी उडवते दोन-चार," फोडणीने हात पुढे केला.

"राहू दे. उद्यापर्यंत मुदत आहे," ताई म्हणाली आणि चिठ्ठी रजिस्टरखाली सरकवली.

संध्याकाळी तो घरी आला, हातपाय धुऊन बसला. ताईने पेल्यात चहा दिला. तिची नजर त्याच्या उजव्या हातावर होती. पेला त्याने डाव्या हाताने उचलला, इतक्या सहज की जन्मापासून तसंच करत आला असावा. वर्षभर तो असाच उचलत असणार.

"तुझ्या ऑफिसातून सकाळी फोन आला होता का? एकच घंटी वाजली," तो म्हणाला.

"लागला असेल चुकून," ताई म्हणाली. म्हणजे पहिला प्रश्न तिनेच सोडला.

मग तिने आपली खुबी बाहेर काढली. "हल्ली कुठली हत्यारं वापरता हो तुम्ही? जुनीच का?"

"जुनीच."

"जड असतात नाही? तो मोठा पाना वगैरे?"

तो तिच्याकडे बघून गालात हसला. "का गं, अलीकडचा प्रश्न विचारतेस काय? पलीकडे काय आहे?"

खुबी तिनेच तर रंगवून रंगवून शिकवली होती. ती उगाच उठून ओट्यावरची स्वच्छ भांडी पुन्हा पुसायला लागली.

"सोमवारपासून जरा उशीर होईल मला," तो मागून म्हणाला. "बारा मजल्यांची इमारत आहे. दोर बदलायचेत. तीन-चार दिवस टपावरच असेन."

ताईच्या हातातलं फडकं थांबलं. अहो, नका जाऊ, तुमचा हात मला माहीत आहे, असं म्हणायला तिने तोंड उघडलं होतं. पण कसं माहीत, असं त्याने विचारलं तर? तुमचा गुप्त कागद मी वाचला, असं सांगायचं? आणि तो पुन्हा म्हणणार, काही नाही गं, कप निसरडा होता. परक्या माणसांना अर्ध्या तासात बोलतं करणारी ती बाई आपल्याच नवऱ्यासमोर पाठ करून उभी राहिली आणि म्हणाली, "डबा जरा मोठा देईन मग."

शुक्रवारी दुपारी फोडणी जेवायला गेली. ताईने चिठ्ठी काढली, खुर्ची भिंतीकडे वळवली आणि नंबर लावला. या वेळी दहाच्या दहा आकडे तिने चिठ्ठीत बघून दाबले, एखाद्या परक्याचा लावावा तसे.

"हॅलो."

"नमस्कार. मी सर्वेक्षण कार्यालयातून बोलतेय. आपण गेल्या महिन्यात एक फॉर्म भरून पाठवलात, त्याबद्दल थोडं बोलायचं होतं. आत्ता दोन मिनिटं देऊ शकाल का?"

पलीकडे नुसती लिफ्टच्या मोटारीची घरघर ऐकू आली. आवाज त्याने ओळखला नाही, हे शक्यच नव्हतं. आता तो म्हणणार, काय गं, डोकंबिकं फिरलं का, आणि सगळंच मुसळ केरात जाणार. ताईने डोळे मिटून घेतले.

"बोला मॅडम," तो म्हणाला.

चोवीस वर्षांच्या संसारात त्याने तिला पहिल्यांदा मॅडम म्हटलं. ताईच्या जिवात जीव आला, आणि तोंडातून ते नेहमीचं वाक्य आपोआप बाहेर पडलं.

"आपण काय सांगितलंत ते कोणालाही कळणार नाही, आणि उत्तर द्यायचं नसेल तर तसं सांगायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे."

"कोणालाही म्हणजे? घरी पण नाही?"

ताईने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "घरी पण नाही."

"मग विचारा."

सतरावा प्रश्न तिच्या अगदी जिभेवर होता. तिने तो गिळला. तेवीस वर्षांत पहिल्यांदा तिने सोडलेला प्रश्न सरळ विचारला. "अठरावा विचारते. गेल्या वर्षभरात काम करताना चक्कर येणे, बोटे बधिर होणे, हातातली पकड सुटणे, असे काही घडले आहे का?"

पलीकडची घरघर बंद झाली. त्याने मोटार बंद केली असावी.

"हो लिहा," तो म्हणाला. "उजव्या हाताची शेवटची दोन बोटं. आधी मुंग्या यायच्या. आता काहीच येत नाही. मागच्या महिन्यात टपावर उभा होतो, हातातला पाना सुटला. सात मजले खाली गेला, ठणठण वाजत. खाली माणूस नव्हता हे नशीब. खाली उतरून मी सगळ्यांना सांगितलं, पान्याला तेल लागलं होतं."

ताईने कागदावरचं पुढचं वाचलं. "अठरा-अ. कोणाला सांगितलंत? डॉक्टर, वरिष्ठ, घरचे, कोणालाही नाही."

"कोणालाही नाही. वरिष्ठांना सांगितलं तर स्टोअरमध्ये बसवतील, स्क्रू मोजायला. तीस वर्षं वर चढणारा माणूस मी, मॅडम. खाली बसून काय करू?"

"आणि घरच्यांना?" ताई म्हणाली. "घरच्यांना का नाही सांगितलंत?"

हा प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता. ते त्यालाही माहीत असणार, कारण तो जरा हसला.

"आमच्या घरी एक बाई आहेत. दिवसभर परक्या लोकांची दुखणी ऐकून घरी येतात. दमलेल्या असतात. तरी आल्यावर मला सगळं सांगतात, आज एक डॉक्टर असा म्हणाला, आज एक शिक्षिका अशी रडली. छान सांगतात हो, नकला करून. मी ऐकतो. त्यात आपलं कुठे घुसवायचं? त्यांना घरी आल्यावर आणखी एक फॉर्म कशाला? आणि खरं सांगू का मॅडम, त्यांनी कधी विचारलंच नाही. कप फुटला की त्या कपाचीच चौकशी करायच्या."

तेवीस वर्षांत तिला लोकांनी शिव्या दिल्या होत्या, फोन आपटले होते, पण इतकं कोणी लागेल असं बोललं नव्हतं. आणि तो रागाने बोलत नव्हता, हे तर अजूनच वाईट होतं. तो नुसता फॉर्म भरत होता.

"सल्ला द्यायची आम्हाला परवानगी नाही," ती अखेर म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "पण एक सांगते. घरी सांगून बघा."

"रागावतील."

"रागावतील. तरी सांगा. सोमवारच्या आत सांगा."

"बरं, मॅडम."

"आपण वेळ दिलात, त्याबद्दल कार्यालय आपलं आभारी आहे," ताई म्हणाली आणि फोन हळूच खाली ठेवला.

फोडणी जेवून आली तेव्हा ताई पदराने डोळे टिपत होती. "काय गं? कोण होतं?"

"लिफ्टवाला."

"बोलला का?"

ताईने चिठ्ठी समोर घेतली. ओळखीच्याने दिलेलं उत्तर धरायचं नाही, हा नियम होता. आणि कोणालाही कळणार नाही, हा तिने दिलेला शब्द होता. तिने लाल पेनाने अठराव्यापुढे नव्याण्णव लिहिलं, अठरा-अ पुढेही नव्याण्णव लिहिलं, आणि खाली सही केली. "नाही बोलला," ती म्हणाली.

"मला दिला असतास तर एका मिनिटात नाही म्हणवून घेतलं असतं," फोडणी म्हणाली. त्यात काही खोटं नव्हतं.

त्या संध्याकाळी ताई घरी आली आणि पहिल्यांदाच दिवसभराचं काही सांगितलं नाही. शब्द दिला होता, म्हणून विचारताही येईना. ती नुसती येरझारा घालत राहिली. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते तिला त्या एका तासात कळलं. तो आला, हातपाय धुतले, बसला. तिने पेला पुढे केला तर म्हणाला, "आज कपात दे."

तिने कप दिला. त्याने तो दोन्ही हातांनी धरला. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं कपापासून लांब, सरळ, परक्यासारखी उभी होती. लपवायची त्याने काहीच खटपट केली नाही.

"आज मला एका ऑफिसातून फोन आला होता," तो म्हणाला.

"अस्सं?" ताई म्हणाली. "काय म्हणत होते?"

"एक बाई होत्या. हाताबद्दल विचारत होत्या. म्हणाल्या, घरी सांगून बघा." आणि त्याने सगळं पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून. मुंग्या, पाना, सात मजले, तेल. लेक दारात येऊन ऐकत उभी राहिली. "म्हणजे म्हणून पेला!" ती एवढंच म्हणाली आणि बापाजवळ जाऊन बसली.

ताई सगळं दुसऱ्यांदा ऐकत होती, तरी पहिल्यांदा ऐकावं तशी ती आता रडली. मग कबूल केल्याप्रमाणे रागावली. चांगली पाऊण तास रागावली, त्याच्यावर, त्याच्या वरिष्ठांवर, बंद पडणाऱ्या झाडून सगळ्या लिफ्टवर. सगळ्यात शेवटी स्वतःवर. तो ऐकत होता, नेहमीसारखाच. सोमवारी टपावर चढणार नाही, डॉक्टरकडे जाईन आणि वरिष्ठांनाही सांगेन, एवढं त्याने तिला मधेच सांगून टाकलं.

"ती बाई कशी होती बोलायला?" रडून झाल्यावर तिने विचारलं.

"बरी होती," तो म्हणाला. "जरा उशिरा विचारते, एवढंच."

सोमवारी तो डॉक्टरकडे गेला. कोपराशी नस दाबली गेली होती. ऑपरेशन झालं, एक बोट परत आलं, दुसरं अर्धवटच राहिलं. वरिष्ठांनी खरोखरच त्याला स्टोअरमध्ये बसवलं. पहिले दोन महिने तो स्क्रू मोजत घुम्यासारखा घरी यायचा. मग नव्या मेकॅनिकांना ब्रेक कसा ऐकायचा ते शिकवायला त्याला सांगण्यात आलं, आणि आता चहाच्या वेळी तोही नकला करतो. त्या काही फार चांगल्या नसतात, पण ताई ऐकते.

सर्वेक्षणाचा अहवाल यथावकाश निघाला. चकचकीत कागद, रंगीत तक्ते. अठराव्या प्रश्नापुढे लिहिलं होतं, पकड सुटणे किंवा बोटे बधिर होणे अशी तक्रार फारच थोड्यांची, उत्तर न देणारे चारशे तेरा. साहेबांनी ताईला बोलावून घेतलं. "ताई, चारशे तेरा म्हणजे फार झाले. यातले फोन लागूनही तुमच्या हातून किती सुटले?"

"एक सुटला, साहेब."

"का? बोलायला तयार नव्हता?"

ताईने नुसती मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, ते साहेबांना कळलं नाही, आणि त्यांनी पुन्हा विचारलंही नाही. पुढच्या वर्षी अक्षरं आणखी थोडी मोठी करू, असं मात्र त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

त्यानंतर ताईच्या घरी आणखी एक कप फुटला. या वेळी कपाला कोणी नावं ठेवली नाहीत. ताईने आधी त्याचा हात हातात घेऊन पाहिला, आणि मग खाली बसून तुकडे गोळा केले.